नागपूरचा स्कॅन, तिगावची चिठ्ठी : नाते कटाचे की कामाचे?

तिगाव : पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. पण डॉक्टरांनी ‘एमआरआय काढा’ म्हटले की तिगाव-सौसरकडच्या बहुतेकांची नजर आजही नागपूरकडेच वळते. मेडिकल असो, मेयो असो की खासगी सेंटर, राज्याची सीमा ओलांडावीच लागते. सोबत असते गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढेच असते : ‘एमआरआय, कंबर’. दुखणे कधीपासून, पायाला मुंग्या येतात का, आधी ऑपरेशन झाले का, काहीच नाही. मग रेडिओलॉजिस्टने नेमके शोधायचे काय? इंजेक्शन देऊन सीटी काढायचा तर किडनीसाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात. तो गावातच करून घेतला नसेल तर तिथे ताटकळा, नाहीतर उद्या पुन्हा या. मजुरी बुडते, गाडीभाडे दुप्पट.

सेंटर आणि डॉक्टर यांचे नाते घट्ट हवे ते यासाठी. प्रत्यक्षात ‘संबंध’ म्हटले की लोकांना आठवतो तो कट. २०१३ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एमआरआयसाठी पेशंट पाठवल्याबद्दल एका सेंटरकडून १,२०० रुपयांचा चेक आला. विंचूदंशावरील उपचारांसाठी नावाजलेल्या या डॉक्टरांनी तो खिशात न घालता तक्रार केली. पेशंट पाठवण्यासाठी कमिशन देणे-घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्धच आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कटविरोधी कायद्याचा मसुदाही केला, पण पुढे कायदा काही झाला नाही.

कटाचा पैसा शेवटी पेशंटच्याच बिलातून निघतो. आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती पेशंटसाठी; बाहेरच्या बाहेर काढलेल्या स्कॅनला खिसाच रिकामा करावा लागतो.

खरे नाते बिनपैशाचे आहे. डॉक्टरांनी चार ओळी जास्त लिहाव्यात, जुन्या फिल्म सोबत द्यायला सांगावे. सेंटरने गंभीर काही दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. ऑपरेशनमध्ये काय निघाले, हे डॉक्टरांनी सेंटरला कळवावे; पुढचा रिपोर्ट त्यानेच सुधारतो.

पेशंटनेही निघण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : चिठ्ठीवर आजार लिहिला का, कोणती रक्ततपासणी आधी लागेल, आणि स्कॅन दुसऱ्या सेंटरला काढला तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टर काय उत्तर देतात, त्यावरून नाते कोणते ते कळते.