लसूण मांजराला चालत नाही

आमच्या चौलमध्ये मांजराला जंत झाले की कुणीतरी सांगतंच, "लसूण ठेचून दुधातून द्या, झाडपाल्याने काय होतंय!"

होतं ना. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मानांकन मिळालेला आपला अलिबागचा पांढरा कांदाही त्याला अपवाद नाही. हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, पण काही दिवसांनी. म्हणून लसणावर कुणाचा संशयच जात नाही.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही. गाईच्या कासदाहावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम असा लेप सांगतं. तिथे जनावर ठरलेलं, माप ठरलेलं. लसणाच्या दुधाला माप कुठलं? मांजराला पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जंताचं औषध वजन पाहून देतात.