पानिपतची लढाई का झाली?

कोणाचे मोठे नुकसान झाले की आपण म्हणतो, "त्याचं पार पानिपत झालं." पण खरे पानिपत कशामुळे झाले, हे थोड्याच जणांना ठाऊक असते. म्हातारी माणसे म्हणतात, संक्रांत आडवी आली. कोणी म्हणतात, ते धर्माचे भांडण होते. मला दोन्ही पटत नाही.

पानिपत दिल्लीच्या उत्तरेला आहे. तिथे १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अफगाणांचा बादशहा अहमदशाह अब्दाली यांची लढाई झाली. पण भांडणाचे बी ९ वर्षे आधीच पडले होते. दिल्लीचा मोगल बादशहा दुबळा झाला होता. १७५२ साली त्याच्या वजिराने मराठ्यांशी करार केला. मराठ्यांनी बादशहाचे रक्षण करायचे आणि त्याबद्दल ५० लाख रुपये व पंजाबची चौथाई घ्यायची. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. त्याच साली अब्दालीने पंजाब आपल्या राज्याला जोडला. एकच शेत दोघे आपले म्हणू लागले, मग भांडण होणारच की!

१७५७ साली अब्दालीने दिल्ली लुटली. १७५८ साली राघोबादादांनी लाहोर घेतले आणि अब्दालीच्या मुलाला, तैमूरशाहाला, पळवून लावले. झाले, अब्दाली पुन्हा चालून आला. नजीबखान रोहिल्याचेही त्याला बोलावणे होते. जानेवारी १७६० मध्ये यमुनेकाठी दत्ताजी शिंदे पडले. मग दक्षिणेतून सदाशिवरावभाऊ मोठी फौज घेऊन निघाले.

धर्माचे भांडण म्हणावे, तर भाऊंच्या तोफा इब्राहिमखान गारदी यांच्याकडे होत्या. ते शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूने लढले. उलट रजपूत राजे मदतीला आले नाहीत, कारण आपल्या सरदारांनी त्यांच्याकडून जबरीने खंडणी घेतली होती. हे लिहिताना वाईट वाटते, पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

पंजाबच्या शेतकऱ्याला मात्र कोणीच विचारले नाही, की बाबा, तुझा वसूल तू कोणाला देणार?

म्हणून मला वाटते, आपण नुसत्या सनावळ्या पाठ करू नयेत. लढाई कोण जिंकले याच्याआधी ती का झाली, हे विचारावे. घरी आईवडिलांनीही मुलांना हेच विचारावे. सगळा दोष संक्रांतीवर ढकलला, तर आपण शिकणार काय?

– इयत्ता ४ थी