परतीचं भाडं

मिशनरी आणि भाषा या विषयावर मराठीत दोनच भाषणं होतात. दोन्ही मी इतक्यांदा ऐकली आहेत की वक्ता आयत्या वेळी आजारी पडला तर उभी राहून पुरी करीन. पहिलं आभाराचं. त्यात केरीचं १८०५चं व्याकरण असतं, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण असतं, अहमदनगरला १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’ असतो, मुलींच्या शाळा असतात. दुसरं आरोपपत्राचं. त्यातही नावं हीच, क्रियापदं तेवढी बदललेली. ‘दिलं’च्या जागी ‘लादलं’. चहाच्या सुट्टीत दोन्ही वक्ते एकमेकांना भेटतात आणि तिसऱ्या कुणाबद्दल बोलतात.

मला दोघांशी एकाच मुद्द्यावर भांडायचं आहे. दोघेही उतरवलेला माल मोजतात. मिशनऱ्याने इथे काय आणून टाकलं याचा हिशोब त्यांच्याजवळ चोख असतो. तो परत गेला तेव्हा सोबत काय होतं, हे कुणी विचारत नाही. ट्रकच्या धंद्यातल्या माणसाला हे कळतं. चेन्नईहून पुण्याला माल नेला आणि गाडी रिकामी परत आणली तर डिझेलचेसुद्धा पैसे सुटत नाहीत, म्हणून ड्रायव्हर रिटर्न भाडं मिळेपर्यंत तिथेच तळ देऊन बसतो. परदेशी शिकवायला गेलेल्या पोरसवदा मिशनऱ्याची किंमत मी त्याच्या रिटर्न भाड्यावरून करते. आणि तोच काटा आपल्या मराठी अनुवादकांना लावला तर आपण त्या पोरांच्या पासंगालाही पुरत नाही, असं माझं म्हणणं आहे.

बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग १७०६च्या जुलैत तरंगमबाडीला उतरला. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला हा जर्मन तरुण तेव्हा जेमतेम चोविशीत होता. तमिळचा गंध नाही. त्याने गावातल्या पंतोजीला आपली शाळा स्वतःच्या घरी भरवायला लावली आणि पोरांच्या रांगेत बसून वाळूत बोटाने अक्षरं गिरवली. जो शिकवायला आला तो आधी बिगरीत बसला. आठनऊ वर्षांत त्याचा तमिळ नवा करार छापून झाला. हे आभाराच्या भाषणात येतं. येत नाही ते असं, की १७१३ साली त्याने इथल्या देवदेवतांवर, त्यांच्या कथांवर आणि पूजांवर एक जाडजूड जर्मन हस्तलिखित तयार करून हाल्ले इथे आपल्या वरिष्ठांकडे पाठवलं. तिथून उत्तर आलं त्याचा मथितार्थ एवढाच, की तुला तिकडे मूर्तिपूजा उखडायला पाठवलंय, तिची भाकडकथा युरोपात पसरवायला नाही. हस्तलिखित कपाटात गेलं. छापलं गेलं ते १८६७ साली, आणि तेही मद्रासमध्ये. दीडशे वर्षं परतीचा माल गोदामात पडून होता, कारण मालकाला तो नकोच होता.

त्याच्या उलट जी. यू. पोप. हाही मिशनरी, १८३९ साली मद्रासला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा. आयुष्याचा मोठा भाग तमिळ मुलखात काढून इंग्लंडला परतला आणि ऑक्सफर्डमध्ये तमिळ शिकवू लागला. १८८६ साली त्याचं इंग्रजी कुरळ निघालं. मरीनावर त्याचा पुतळा आहे. त्याने बाटवलेल्यांचा आकडा मला ठाऊक नाही आणि पुतळा बसवणाऱ्यांनीही तो बघून पुतळा बसवला नसावा.

मी नुंगंबाक्कममध्ये राहते. माझ्या घरापासून वळ्ळुवर कोट्टम चालत दहा मिनिटं. तिथे ग्रॅनाइटवर कुरळच्या १३३० द्विपदी कोरल्या आहेत. हा सगळा भाग म्हणजे बुजवलेलं तळं. आजही त्याला लेक एरिया म्हणतात आणि पावसाळ्यात तळ्याला आपली जागा आठवते. एका बाजूला जेझुइटांचं लोयोला कॉलेज, दुसऱ्या बाजूला कॉलेज रोडवर विमेन्स ख्रिश्चन कॉलेज. मिशनऱ्यांविषयी मत न बाळगता इथे राहणं अवघड आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या तळमजल्यावर दोन मुलगे येऊ लागले. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी पट्टी, पट्टीवर आडनावाआधी ‘एल्डर’. वय एकोणीस-वीस आणि हुद्दा ज्येष्ठाचा, याची मला गंमत वाटे. मॉर्मन होते. या पंथातले मुलगे साधारण त्या वयात दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष सांगितलेल्या ठिकाणी धर्म शिकवायला जातात, बराचसा खर्च घरचाच करून. दोघांतला एक आंध्रातला, दुसरा अमेरिकन. ते दारोदार फिरत नव्हते. घरातल्या नातवाने बोलावलं म्हणून येत. नातू बहुधा घरी नसे. मग झोपाळ्यावर बसलेली पाट्टी, म्हणजे आजी, त्यांची विचारपूस करी.

अमेरिकन पोराने तमिळ शिकायचं मनावर घेतलं होतं. एकदा तो घडवून म्हणाला की देवाने आमच्यासाठी घर तयार ठेवलंय, आणि ‘आमच्यासाठी’ला त्याने ‘एंगळुक्कु’ वापरलं. पाट्टीने झोपाळा पायाने थांबवला. “उंगळुक्कु मट्टुमा?” फक्त तुमच्यासाठीच होय? आंध्रातला हसू दाबत होता, कारण तेलुगूतही हा भेद आहे. तमिळमध्ये ‘नांगळ’ म्हणजे आम्ही, समोरच्याला वगळून. ‘नाम’ म्हणजे आपण, समोरच्याला धरून. इंग्रजीत दोघांना मिळून एकच शब्द. त्या पोराला वीस वर्षांच्या आयुष्यात प्रथमच ठरवायला लागलं की ‘आपल्या’त ही म्हातारी आहे की नाही. त्याने लगेच ‘नमक्कु’ म्हणून दुरुस्ती केली, पण दुरुस्ती व्याकरणाची होती की धर्मशास्त्राची, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढचे काही महिने पाट्टीने त्याला शिकवलं. ‘तमिळ’ या शब्दाचा शेवट, जो आपला ळ नव्हे, तो त्याच्या जिभेवर आणायला तिने त्याला ‘फळ’ हा शब्द शंभरदा म्हणायला लावला, कारण तो दर वेळी फळाचं ‘बळ’ करत होता. मग त्याची बदली झाली. त्यांना काही महिन्यांनी हलवतातच. पाट्टी अगस्तीश्वराच्या देवळात जायची ती जातच राहिली. जाण्याआधी मी त्याला विचारलं होतं, हे सगळं तू घरी कळवतोस का? म्हणाला, दर आठवड्याला अहवाल जातो. किती धडे दिले, किती जण चर्चला आले, किती बाप्तिस्मे. पाट्टीने दिलेल्या धड्यांना त्या कागदावर रकाना नव्हता.

त्याच्या पंथाची इथली पहिली खेप मात्र त्याच्याहून मठ्ठ होती. सॉल्ट लेक सिटीहून निघालेला रिचर्ड बॅलन्टाइन १८५३ साली मद्रासला आला. माणूस शिक्षकी वळणाचा. चारच वर्षांपूर्वी त्याने आपल्या गावात मुलांची रविवारची शाळा काढली होती. मद्रासमध्ये त्याने इंग्रजीत प्रवचनं केली, इंग्रजीत मासिक काढलं, त्याचे श्रोते प्रामुख्याने गोरे आणि युरेशियन राहिले, आणि वर्षभरात तो परत गेला. त्याच सुमारास त्याचा पंथबंधू ह्यू फिन्डले मुंबई-पुण्यात होता. लष्करी छावणीत मज्जाव झाल्यावर तो मराठीकडे वळला, शिकू लागला. पण त्याचीही खेप तीनेक वर्षांत संपली आणि पुण्यातली त्याची मराठी मोठ्याशा कामाला आली नाही. दशक सरायच्या आत मिशनच गुंडाळलं गेलं. बाकी कारणं असतील. बहुपत्नीत्वाची त्यांनी १८५२ साली केलेली जाहीर कबुली इथल्या इंग्रजी पत्रांना चघळायला पुरेशी होती. पण वर्षभर मद्रासमध्ये राहून इंग्रजीतच बोलत राहणाऱ्या माणसाकडे परतीच्या भाड्याला द्यावं असं काही नसतं.

इथे आरोपपत्रवाले हात वर करतील. धर्मांतराचा हेतू, मागे उभी सत्ता, पैसा. सगळं मान्य. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, १६१६ साली त्याचं दहा हजारांवर ओव्यांचं पुराण निघालं, आणि त्याच गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. १६८४ साली तर व्हाइसरॉयने फर्मानच काढलं की तीन वर्षांत लोकांनी स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलावं. भाषा शिकणारा आणि भाषा मारणारा एकाच झेंड्याखाली. मी स्टीफन्सचं काम त्या फर्मानाच्या वजावटीत धरत नाही आणि फर्मानाला स्टीफन्सची सफाई म्हणून मांडू देत नाही. वाळूत अक्षरं शिकवणाऱ्या पंतोजीचं नाव आपल्याला कोण सांगतं? केरीच्या मराठीमागचे वैजनाथ पंडित किती अभ्यासक्रमांत येतात? हा खरा आरोप आहे आणि तो मिशनऱ्यापेक्षा त्याच्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांवर जास्त बसतो.

आणि तंजावरचं काय करणार? क्रिस्टियान श्वार्ट्स हा तरंगमबाडी मिशनचाच माणूस. दरबारात बोलता यावं म्हणून त्याने मराठीही शिकली. त्याच्या छायेत वाढलेला सरफोजी शेवटपर्यंत शैव राहिला. पण त्याने देवनागरीचा छापखाना घातला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. बाप्तिस्म्याच्या वहीत ही शिकवणी शून्य धरली जाईल.

आता आपल्याकडे येते. मराठी अनुवादक काय करतो? तमिळ कादंबरी मराठीत आणायची ठरली की प्रकाशक विचारतो, इंग्रजी आहे ना? तमिळवरूनच कशाला, वेळ जातो. मला हे एका संपादकाने चहा ढवळत ढवळत सांगितलं होतं, आणि वर ‘वाचकाला काय फरक पडतो’ हेही. पडतो. ‘नाम’ आणि ‘नांगळ’ इंग्रजीच्या पुलावर चढतात तेव्हा दोघे असतात, उतरतात तेव्हा एकच ‘वुई’. मग मराठीतला माणूस ‘आपण’ की ‘आम्ही’ हे अंदाजाने टाकतो. दोन्ही काठांवर असलेली वस्तू पुलाने गिळली. एखादी जात दुसरीशी, बायको नवऱ्याशी, मजूर मालकाशी बोलताना नेमकं त्या एका सर्वनामावर सगळं प्रकरण उभं असतं.

नात्यांचं तर विचारूच नका. तमिळमधली ‘अत्तै’ म्हणजे आत्या, आणि तिच्या मुलीशी लग्न तिकडे रीतीचं. ‘चित्ती’ म्हणजे धाकटी मावशी, आणि तिची मुलगी म्हणजे बहीण. इंग्रजीत दोघी ‘आंट’. इंग्रजीवरून काम करणारा बिचारा तिला मावशी करून टाकतो आणि नायक पुस्तकाच्या शेवटी मावसबहिणीशी लग्न लावून मोकळा होतो. आतेमामे भावंडं कोण आणि चुलत-मावस कोण हे मराठी घरात शेंबडं पोर सांगतं. आपल्याकडे शब्द आहे, त्यांच्याकडे शब्द आहे, आणि मध्ये ज्याच्याकडे नाही त्याला आपण दुभाषी नेमलाय.

हे टाळता येतं, आणि टाळून दाखवलंय एका मिशनऱ्यानेच. पंडिता रमाबाईंना मराठी बायबल इंग्रजीवरून सहज करता आलं असतं. इंग्रजी त्यांची उत्तम होती. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तोवर काम उरकलं होतं. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. साने गुरुजी तर शिकवायला गेलेच नव्हते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सोबत्यांमध्ये राहिले, कुरळच्या प्रेमात पडले, ते मराठीत आणलं, आणि आंतरभारतीची कल्पना डोक्यात घेऊन बाहेर पडले. त्या कल्पनेच्या नावाने आपण चर्चासत्रं भरवतो. त्यांत चर्चा इंग्रजीत होते.

माझी मागणी साधी आहे. कुठल्याही अकादमीने, प्रतिष्ठानाने किंवा विद्यापीठाने पंचविशीतल्या एका मराठी मुलाला किंवा मुलीला चोवीस महिने चेन्नईत ठेवावं. मॉर्मन घरं आपल्या पोरांसाठी हा खर्च करतात. आपल्याला एका चर्चासत्राच्या हॉटेलबिलात भागेल. अट एकच, पहिलं वर्ष इंग्रजी बंद. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, घरमालकिणीशी तमिळ. लेक एरियात अकरा महिन्यांच्या करारावर खोली मिळते; शिकवायला कुणी ना कुणी पाट्टी मिळते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक पुस्तक, थेट. अहवालाच्या कागदावर रकाना एकच ठेवा: तुम्हाला कोणी आणि काय शिकवलं.

हा प्रस्ताव मी दोन ठिकाणी लेखी दिला आहे. एकीकडून पोच आली नाही. दुसरीकडून गेल्या महिन्यात मेल आला, की कल्पना स्तुत्य आहे, तूर्तास सोबतची कादंबरी तीन महिन्यांत करून द्याल का. सोबत पीडीएफ होती, इंग्रजी. पहिल्याच प्रकरणात एक ‘आंट’ दारातून आत येते आणि नायक तिच्या मुलीकडे बघून मान खाली घालतो. मी उलट विचारलं, मूळ तमिळमध्ये ही अत्तै आहे की चित्ती? अजून उत्तर आलेलं नाही.