रिवेट मोजणाऱ्यांचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धातील दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरील छायाचित्रमय संदर्भग्रंथांना एक निष्ठावान वाचकवर्ग आहे. १९६०च्या दशकातील ‘प्रोफाइल’ पुस्तिकांपासून ‘स्क्वॉड्रन-सिग्नल’च्या ‘इन अ‍ॅक्शन’ मालिकेपर्यंत ही परंपरा चालत आली. तिच्यामागील परिश्रमांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा रंग काळपट उमटतो. त्यामुळे ब्रिटिश विमानावरील वर्तुळचिन्हाचे पिवळे कडे जवळजवळ काळे दिसते आणि भलताच निष्कर्ष निघू शकतो. सेन्सॉरने रडारच्या अँटेना खोडून टाकलेली छायाचित्रेही याच अभ्यासकांनी ओळखायला शिकवली.

आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो. इतकी चिकित्सक नजर विमानाच्या कातडीपाशीच का थबकते?

लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान घ्या. अशी ७,३७७ विमाने बांधली गेली. त्यांचे इंजिनबदल, तोफांचे मनोरे, नाकावर रंगवलेली चित्रे, सारे या ग्रंथांत बारकाईने नोंदलेले असते. मात्र बॉम्बफेकी विमाने स्वतःही छायाचित्रे घेत असत. बॉम्ब नेमके कुठे पडले हे कळावे म्हणून त्यांत कॅमेरे बसवलेले असत. लँकेस्टर युद्धात उतरण्यापूर्वी, ऑगस्ट १९४१मध्ये, डी. एम. बट या सनदी अधिकाऱ्याने अशा ६००हून अधिक छायाचित्रांची छाननी केली. लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक-तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या परिसरात पोहोचली होती. रूरच्या औद्योगिक प्रदेशावर हे प्रमाण दहात एक एवढेच होते.

कारखाना टिपता येत नाही, मग शहरच लक्ष्य करावे, या विचाराला त्यानंतर बळ आले. १४ फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हे लक्ष्य ठरवले. लँकेस्टर त्या धोरणाचे प्रमुख साधन बनले. जुलै १९४३मध्ये हँबुर्ग पेटले, हजारो माणसे एका रात्रीत होरपळून मेली. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ जण परतले नाहीत. हे सारे वगळून लँकेस्टरचा ‘संदर्भ’ कसा पूर्ण होतो?

‘हे संदर्भग्रंथ आहेत, इतिहास नव्हेत’ हा ठरलेला बचाव. तो आम्हांस मान्य नाही. छायाचित्राखाली विमानाचा क्रमांक लिहायचा, तुकडीचे नाव लिहायचे, रंगाची छटा लिहायची, आणि त्या रात्री ते कुठे निघाले होते हे लिहायचे नाही, ही निवड आहे. आणि निवड आली की इतिहासलेखन आलेच. शिवाय या छायाचित्रांतील पुष्कळशी सरकारी प्रसिद्धीसाठीच काढलेली होती. त्यांतील सेन्सॉरची खाडाखोड ओळखणारा अभ्यासक त्यांतील प्रचार तेवढा निमूटपणे पुढे चालवतो, ही विसंगती साधी नाही.

आमची मागणी माफक आहे. विमानाच्या छायाचित्रासमोरच्या पानावर त्याच जातीच्या विमानाने वरून घेतलेले एक छायाचित्र छापा, आणि त्याखालीही तितकाच काटेकोर मजकूर लिहा: शहराचे नाव, तारीख, मृतांचा अंदाज. ज्याला एका पानावरची रंगाची छटा पारखता येते, त्याला दुसऱ्या पानावरची आग दिसत नाही असे म्हणता येणार नाही.