जुगाडाचे कौतुक पुरे, आता मापे लिहा



शहरातली माणसे हल्ली आपल्या जुगाडाचे भारी कौतुक करतात. मोडक्या सायकलीचे कोळपे केले, मोटारसायकलीला वखर जोडला, की फोटो निघतात, टाळ्या पडतात. टाळ्यांचा आम्हाला राग नाही. पण कारखानदाराने जुगाड केल्याचे कधी ऐकले आहे का? त्याच्याजवळ भांडवल असते, तो यंत्र विकत आणतो. आपण सायकल कापतो ती हौसेने नव्हे. बैलजोडी पोसणे परवडत नाही आणि ट्रॅक्टर विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून कापतो. एवढे आधी स्वच्छ बोलून घेऊ.

आता दुसरी बाजू. गरजेपोटी का होईना, गावोगावी जी अवजारे घडली त्यांत अक्कल आहे आणि ती अक्कल आपण वाया घालवतो आहोत. एका गावात नामी डवरा होतो, पाच कोसांवरच्या गावाला त्याचा पत्ता नसतो. पूर्वी तिफणीच्या दात्यांतले अंतर, पासेचा कल, जुवाची लांबी कोणी कागदावर लिहीत नव्हते, कारण गावचा सुतार-लोहार हेच वहीचे पान होते. आता बहुतेक गावांत भाता थंड पडला आहे. मृगाच्या तोंडावर पास तुटली, की तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात रांग लावायची. काळ्या रानातला वापसा त्या रांगेसाठी थांबत नाही.

सायकल कोळप्याचेच घ्या. पुढचे चाक, चिमटा, हँडल आणि मागे पास, एवढाच ऐवज. तरी एकाचे कोळपे लोण्यासारखे चालते आणि दुसऱ्याचे दहा पावलांत जमिनीत रुतते. फरक पासेच्या कलात असतो. कल जास्त झाला की पास खोल घुसते, कमी झाला की तणावरून नुसती घसरते. आणि जमीन ओली-कोरडी होईल तसा कल बदलावा लागतो. म्हणून पास वेल्डिंगने कायमची चिकटवू नये. पट्टीला तीन-चार भोके पाडून नटबोल्टने आवळावी. रुंदीचेही तसेच. ज्वारीच्या दोन ओळींत 18 इंच असतील तर 12 इंची पास दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडते. नवख्या हाताने 9 इंचीच घ्यावी. बाजारातल्या अवजाराला तुमची पेरणी किती इंचांवर आहे हे ठाऊक नसते.

तिफणीची नळी ही तर अगदी क्षुल्लक वाटणारी बाब. बांबूची नळी ओल्या मातीने तुंबली तर कळत नाही. आठ दिवसांनी ज्वारी उगवते आणि तिसरी ओळ कोरी दिसते. त्या जागी पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवली की दाणा पडताना डोळ्यांना दिसतो. सरकी टोबायलाही असाच उपाय आहे. दीड इंची, छातीइतक्या उंचीचा पाइप घ्यावा, खालचे टोक तिरपे कापावे, ते जमिनीत रोवून वरून बी सोडावे आणि पायाने माती ओढावी. दिवसभर वाकून टोबणाऱ्या बाईच्या कमरेचा हिशेब कोणत्याही उत्पादनखर्चात धरलेला आम्ही पाहिला नाही.

लोखंडाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथे पैसा जातो. साध्या पट्टीची पास कितीही तापवून विझवा, धार राहणार नाही. तिच्यात कर्ब फार कमी असतो. ट्रकच्या कमानपाट्यात तो पुरेसा असतो, म्हणून त्याला पाणी चढते. मात्र कमानपाटा पाण्यात विझवला तर तडकण्याची भीती असते. तो तेलात विझवावा. लाल झालेल्या लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासा झाला की ताव आला समजावे. विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून चकचकीत करावे आणि मंद आचेवर पुन्हा तापवावे. विळ्याला पिवळसर-तांबूस रंग आला की थांबावे. गोट्याच्या रानात चालणाऱ्या पासेला निळसर रंगापर्यंत न्यावे. धार थोडी कमी टिकेल, पण पास तुटणार नाही. जुन्या लोहारांना हे हातासरशी येत असे. ज्यांच्या गावात असा लोहार अजून आहे, त्यांनी याच हंगामात त्याच्याजवळ बसावे.

पऱ्हाट्या उपटायचा चिमटाही असाच कुठे आहे, कुठे नाही. लांब दांड्याच्या जोरावर झाड मुळासकट निघते. हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतातून निघाल्या तर गुलाबी बोंडअळीची साखळी तुटायला मदत होते, हेही त्यात आले.

शेतकऱ्याने घडवलेले अवजार कुठवर जाऊ शकते, याचा दाखला शेजारच्या सौराष्ट्रात आहे. तोही आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी 1994 साली बुलेट मोटारसायकलीचे मागचे चाक काढले, तिथे दोन चाकांचा आस आणि अवजारे बसवली. पुढे त्या ‘बुलेट सांती’ला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळाले. आमच्या म्हणण्याच्या हे थोडे उलट वाटेल, पण सांगून ठेवतो. ज्याचे अवजार खरेच नवे असेल त्याने गाजावाजा करण्याआधी पेटंटचा अर्ज करावा. एकदा सर्वांसमोर उघड झाले की पेटंट मिळणे कठीण. बाकीच्यांनी खुशाल वाटावे.

जुगाड कुठे करू नये, हेही तितक्याच जोराने सांगितले पाहिजे. मळणीयंत्राचे तोंड आखूड करून काम लवकर उरकते, हे खरे. पण त्यात हात जातो. कणसे घालायचे तोंड किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातले 45 सेंटिमीटर झाकलेले असावे. 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला तो या तुटलेल्या हातांमुळेच. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावरचे झाकण काढू नये. फवारणीपंप तर मुळीच चिंधी-दोरीवर चालवू नये. सायकलच्या ट्यूबचा वायसर औषधातल्या तेलाने फुगतो आणि पंप पाठीवर गळू लागतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. नोझल तोंडाने फुंकणाऱ्याला आपण शेजारच्या बांधावरून ओरडून थांबवले पाहिजे.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक तरी घरी केलेले अवजार आणावे. आणता येण्याजोगे नसेल तर कागदावर काढून आणावे. चित्र वाकडेतिकडे चालेल, मापे मात्र इंचात आणि पक्की हवीत. लोखंड कोणते, नटबोल्ट किती, पहिल्या वेळी काय मोडले, ते लिहावे. किती रात्री जागून केले तेही लिहावे आणि त्या रात्रींची मजुरी खर्चात धरावी. कागद भिंतीवर लावू, ज्याला पाहिजे त्याने उतरवून घ्यावा. येताना टेप आणि पेन्सिल आणा.