बेस वाजवा, पण आधी बॅटरीजवळ फ्यूज लावा

दसरा तोंडावर आला आहे. हार घातलेली गाडी शोरूममधून निघेल, देवळापाशी नारळ फुटेल आणि दोन-चार दिवसांत तीच गाडी डेकोरच्या दुकानात उभी असेल. सीट कव्हर, मॅटिंग आणि डिकीत बेस. बावीस वर्षं सांगलीत गाड्यांचं वायरिंग करतोय, त्यामुळे हा क्रम मला पाठ आहे. म्हणून आत्ताच हात जोडून सांगतो. ज्यांच्या गाडीत अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर आधीच बसलेला आहे, आणि जे या दिवाळीत बसवणार आहेत, त्या सगळ्यांनी एक गोष्ट तपासा. अ‍ॅम्पला गेलेल्या जाड वायरवर, बॅटरीच्या लाल टर्मिनलपासून दोन वितींच्या आत, फ्यूज आहे का? नसेल तर तो लागेपर्यंत ती वायर बॅटरीवरून काढून ठेवा. चार दिवस गाणी वाजली नाहीत तर काही बिघडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण त्याची छोटी हॅचबॅक घेऊन आला. "काका, एसी लावला की जळल्याचा वास येतो," म्हणाला. एसीत काहीच नव्हतं. ड्रायव्हरच्या दाराखालची प्लास्टिकची पट्टी काढली, कार्पेट उचललं, तर डिकीकडे गेलेली लाल वायर पट्टीच्या स्क्रूखाली दबलेली दिसली. स्क्रूची धार वायरच्या आवरणात शिरून तांब्याला टेकली होती. हातभर लांबीचं आवरण वितळून कार्पेटच्या पाठीला चिकटलं होतं. बोट लावलं तर काळा चिकट थर बोटाला आला. मी विचारलं, "फ्यूज कुठाय?" त्यानं डिकी उघडून अ‍ॅम्पशेजारचा फ्यूज दाखवला. तो शाबूत होता. शाबूतच राहणार होता, कारण शॉर्ट झाला होता त्याच्या अलीकडे, बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या चार मीटरवर. त्या चार मीटरला वालीच नव्हता. स्क्रू पुरता टेकला नव्हता, हलत्या गाडीत मधूनमधून शिवत होता, एवढ्यावर ती गाडी आणि तो मुलगा वाचला.

हे नीट समजून घ्या, कारण गैरसमज इथेच आहे. पुष्कळ लोकांना, आणि माझ्या धंद्यातल्याही काहींना, वाटतं की फ्यूज अ‍ॅम्प वाचवण्यासाठी असतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा फ्यूज त्याच्या अंगावर आलेलाच असतो. बॅटरीजवळचा फ्यूज असतो वायरसाठी. १२ व्होल्टला माणसाला शॉक बसत नाही, म्हणून कुणी त्याला भीत नाही. पण पत्र्याला टेकलेल्या जाड वायरीतून हीच बॅटरी काहीशे अँपियर ओतू शकते. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. मग वायर शेगडीच्या कॉइलसारखी तापते, आणि तिच्या भोवती कार्पेट, फोम आणि प्लास्टिक असतं. किल्ली काढून खिशात घातली तरी ही वायर जिवंतच असते, कारण ती थेट बॅटरीवर आहे. तुम्ही घरात झोपलेले असता आणि गाडी पार्किंगमध्ये, इतरांच्या गाड्यांना खेटून उभी असते.

आता वायरीचं. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेल्या वॅटवर जाऊ नका. अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज वाचा. ३०-३० चे दोन असतील तर तो जास्तीत जास्त ६० अँपियर ओढणार, असं धरा. चालू गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाणार साडेआठशे वॅटच्या आसपास, आणि चांगल्या क्लास डी अ‍ॅम्पमधूनही त्यातले वूफरपर्यंत पोचणार सहा-सातशे. मग खोक्यावर तीन हजार छापलेले असोत. अशा अ‍ॅम्पला बॉनेटपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटरसाठी ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची वायर लागते आणि बॅटरीजवळ ८० चा फ्यूज पुरतो. मी गाड्यांमध्ये घरातल्या पंख्या-बल्बची दीड एमएमची वायर याच कामाला ओढलेली पाहिली आहे. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी वायरीचा तुकडा पिळलेलाही पाहिला आहे. फ्यूज उडतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. ते शोधा, पण फ्यूज वाढवू नका.

बाजारात स्वस्त किटमध्ये जी वायर येते ती बहुतेकदा वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या जेमतेम साठ टक्के असते, म्हणजे तीच जाडी असूनही ती वायर आधी तापते. ओळखायला सोपी आहे. हातात हलकी लागते, आणि एक तार ब्लेडनं खरवडली की आतून पांढरी निघते. तीच वापरायची असेल तर निदान एक साइज जाड घ्या आणि दुकानदाराला तोंडावर विचारा, ही शुद्ध तांब्याची आहे का. विचारणारं गिऱ्हाईक वाढलं की माल बदलतो.

बॉनेटमधून केबिनमध्ये वायर येते तिथे पत्र्याला भोक असतं. त्या भोकाला रबरी ग्रोमेट हवंच. पत्र्याची कड सुरीसारखी असते, गाडी रोज थरथरते, आणि सहा महिन्यांत आवरण कापलं जातं. जोड पिळून टेप गुंडाळलेला नको. उन्हाळ्यात तो टेप सुटून लोंबतो. योग्य मापाचं लग घ्या, क्रिंपिंगच्या पान्यानं दाबा, वर हीटश्रिंक चढवा. अर्थिंगची वायर लाल वायरीएवढीच जाड, हातभराच्या आत, आणि बॉडीचा रंग घासून लख्ख पत्र्यावर कसलेली हवी. सीट बेल्टच्या बोल्टला कधीच हात लावू नका. अर्थ कच्ची राहिली तर परतीचा करंट ऑडिओच्या बारीक केबलमधून वाट काढतो आणि ती केबल जळते, कधीकधी डेकही.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत. डिकीत सिलेंडर असतो आणि उरलेल्या जागेत बेसचा डबा कोंबलेला असतो. सिलेंडरच्या पट्ट्याला किंवा स्टँडला अ‍ॅम्प टांगू नका, व्हॉल्व्हवर डबा रेटू नका, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचेल एवढी जागा मोकळी ठेवा. डिकीच्या तळाला किंवा मागच्या सीटखाली स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते, आणि गॅसची नळी व ब्रेकची नळीही तळाशी लागूनच जाते. एक इंचाचा स्क्रू पत्र्यापलीकडे किती जातो, हे वरून दिसत नाही. अ‍ॅम्प प्लायवूडच्या फळीवर बसवा आणि फळी सीटच्या पाठीला लावा. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टॅप मारणं तर दूरच, त्यांचा कपलरही उघडू नका.

वूफरच्या जोडणीतही आग लपलेली असते. ४ ओहमच्या दोन कॉइलचा वूफर सिरीजमध्ये जोडला तर ८ ओहम होतात, पॅरलल जोडला तर २. असे दोन वूफर चारही कॉइल पॅरलल करून जोडले की १ ओहम. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतचा असेल तर तो त्यावर तापून बंद पडेल, नाहीतर जळेल. ब्रिज करून वाजवताना बहुतेक दोन चॅनेलचे अ‍ॅम्प ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात. जोडण्याआधी वूफरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, दोन मिनिटं लागतात. ४ ओहमची कॉइल साधारण साडेतीन दाखवते.

माझ्या धंद्यातल्या भावांनो, तुम्हालाही सांगणं आहे. गिऱ्हाईक घाई करतं, मुहूर्त साधायचा असतो, आणि बॅटरीजवळच्या फ्यूजचे दोन-चारशे रुपये वाचवायला तेच सांगतं. तेव्हा नाही म्हणा. काम सुरू करताना आधी काळं टर्मिनल काढा, काम झाल्यावर तेच शेवटी लावा. हातातलं कडं आणि अंगठी काढा. लाल टर्मिनलवरचा पाना आणि बॉडी यांच्यात कडं अडकलं की ते लाल होतं. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा गोल डाग आजही आहे. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होईल, उसाच्या ट्रॅक्टरवर बॅटरीला चिमटे मारून अ‍ॅम्प लावले जातील. तिथेही हाच नियम. शिवाय मागून येणाऱ्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा.

गाडीतून धूर दिसला तर इग्निशन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब व्हा. ज्वाळा असतील तर बॉनेट उघडू नका, आत हवा गेली की भडका उडतो. १०१ किंवा ११२ ला फोन करा. गाडीत सीएनजी असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

बहुतेक गाड्यांच्या बॅटरीचं टर्मिनल १० नंबरच्या पान्यानं सुटतं. तो पाना आजपासून दाराच्या कप्प्यात ठेवा. आणि आज संध्याकाळी गाडी लावल्यावर घरात जाण्याआधी बॉनेट उघडा आणि लाल टर्मिनलवरची जाड वायर दोन विती मोजा.