मैदान सोडतांना

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त अकोल्यास असतो. दिवाळीस तीं सारीं अमरावतीच्या घरीं आलीं होतीं. भाऊबीजेच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें हळूच विषय काढला. "काका, बंड्या बारावीनंतर शिकणार नाहीं म्हणतो. क्रिकेटच खेळणार म्हणतो. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा." माजघरांतील भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

चाळीस वर्षांच्या मास्तरकीनें माझी एक खात्री झाली आहे कीं, सतरा वर्षांच्या मुलाला दोन शब्द सांगून कांहीं होत नाहीं. एक प्रश्न मात्र विचारतां येतो. मीं बंड्याला विचारलें, "पस्तिसाव्या वर्षीं काय करशील?"

वाचकहो, हा प्रश्न पूर्वींच्या खेळाडूला कोणी विचारीत नसे. ज्या अमरावतींत मी राहतों, तेथें १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं श्रीहनुमान व्यायामाचा आखाडा मांडला. त्यांतूनच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं मंडळाच्या पथकानें तेथें आपले देशी खेळ करून दाखविले. ती मंडळी परत येऊन आपापल्या उद्योगास लागली. खेळ हा त्यांचा धर्म होता, धंदा नव्हता. आणि जो धंदा नव्हे त्यांतून निवृत्त कसें व्हावयाचें? नागपुरांत १८९५ सालीं जन्मलेले कर्नल सी. के. नायडू तर एकसष्ट वर्षांचे असतांना रणजी सामन्यांत उतरले, आणि अडुसष्टाव्या वर्षींही एका मदतीच्या सामन्यांत खेळले. पण त्यांच्या चरितार्थाची काळजी होळकर दरबारानें वाहिली होती, हें विसरूं नये.

आतां खेळ हीच नोकरी झाली आहे. २००८ सालीं आयपीएल सुरू झाल्यापासून तर ती मोठ्या पगाराची नोकरी आहे. आमच्या अमरावतीचे जितेश शर्मा २०२५ सालीं विजयी झालेल्या बंगळूरच्या संघांत होते, अकोल्याचे अथर्व तायडे यांनींही ती स्पर्धा गाजविली आहे. हीं नांवें बंड्याच्या खोलीच्या भिंतीवर आहेत. मला त्यांचा अभिमान वाटतो. परंतु भिंतीवर एक चित्र आणखी असावें असें मला वाटतें, तें फैज फजल यांचें.

या गृहस्थांनीं विदर्भाकडून २००३ पासून खेळावयास आरंभ केला. १९५७ सालीं रणजी स्पर्धेंत आलेल्या विदर्भाला पहिलें विजेतेपद मिळावयास साठ वर्षें लागलीं. तें इंदुरास २०१८ च्या पहिल्याच दिवशीं मिळालें, तेव्हां कप्तान हेच होते. पुढच्या वर्षीं नागपुरास पुन्हां तेंच. प्रथम दर्जाच्या सामन्यांत नऊ हजारांहून अधिक धावा! आणि देशाकडून सामने किती? एक. जून २०१६ मध्यें हरारे येथें झिंबाब्वेविरुद्ध ते खेळले, नाबाद ५५ धावा केल्या, सामना जिंकून दिला, आणि त्यानंतर बोलावणें आलें नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें नागपुरास, जेथें आरंभ झाला त्याच सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, त्यांनीं खेळ थांबविला. बहुतेक खेळाडूंची कहाणी ही अशी असते, तेंडुलकरांची नव्हे. वानखेडे मैदानावर नोव्हेंबर २०१३ मध्यें जो निरोप सचिनना मिळाला, तसा निरोप शतकांत एकाला मिळतो.

विदर्भाच्या त्या दोन्ही विजयांत मुंबईचे वासिम जाफरही होते. दुसऱ्या विजयाच्या वेळीं त्यांची एकेचाळिशी भरत होती, आणि त्या हंगामांत त्यांनीं हजारांहून अधिक धावा काढल्या! त्यानंतर वर्षभरानें, मार्च २०२० मध्यें, ते निवृत्त झाले आणि पुढें प्रशिक्षणाच्या कामास लागले.

पैशाचें म्हणाल तर क्रिकेट मंडळ जुन्या खेळाडूंना निवृत्तिवेतन देतें. प्रथम दर्जाच्या ज्या खेळाडूंना दरमहा १५,००० रुपये मिळत, त्यांना २०२२ पासून ३०,००० मिळूं लागले. परंतु त्याला सामन्यांच्या संख्येची अट आहे. अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉलचें उदाहरण घ्या. तेथें १९४७ पासून निवृत्तिवेतनाची योजना आहे. पण १९८० पूर्वीं चार वर्षें भरल्यावांचून हक्क मिळत नसे. त्यानंतर ती मुदत अवघ्या ४३ दिवसांवर आली, पण नवा नियम मागच्यांना लागू केला नाहीं. तीन वर्षें खेळून बाहेर पडलेले शेंकडों जुने खेळाडू कोरडेच राहिले. २०११ सालीं त्यांच्यासाठीं थोडी वार्षिक रक्कम ठरली. तेव्हां उंबरठ्याच्या किंचित् अलीकडे थांबणाराचे हाल सर्वत्र सारखेच.

तरी पैसा हा अर्धाच प्रश्न. मी अठ्ठावन्नाव्या वर्षीं शाळा सोडली. त्यानंतर सहा महिने पावणेअकरा वाजले कीं माझे पाय आपोआप चपलांकडे वळत. सौभाग्यवती म्हणे, "आज सुटी आहे." ती रोजच असें म्हणे. माझी ही स्थिति, तर ज्याच्या नांवाचा घोष हजारों मुखांनीं केला त्याची पहिल्या रिकाम्या सकाळीं काय होत असेल? रघुवंशाच्या आठव्या सर्गांत रघु राज्य अजाकडे सोंपवून वनांत निघतो. अज रडून पाय धरतो, तेव्हां रघु राहतो खरा, पण नगराबाहेर. आणि टाकलेली राज्यलक्ष्मी, सापानें कात पुन्हां घेऊं नये तशी, परत घेत नाहीं. मला हा प्रसंग नेहमीं फार व्यवहारी वाटत आला आहे. मुलांना जवळ हवा, पण सिंहासनावर नको, अशी जागा ज्या म्हाताऱ्याला सांपडली तो सुटला. प्रशिक्षकाचें काम तें हेंच असावें.

बंड्यानें उत्तर देण्यास बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही निवृत्त झालांत तेव्हां दुसरें काम शिकायचें वय राहिलें नव्हतें. मी पस्तिशींत निवृत्त होईन. मला शिकायला वेळ जास्त नाहीं का मिळणार?"

पुतण्या डोळे वटारूं लागला. मीं त्याला हातानें थांबविलें, कारण मुलगा उद्धट नव्हता आणि चुकीचाही नव्हता. एवढेंच म्हटलें, "पस्तिशींत शिकावयाचें तर शिकण्याची संवय मोडून चालणार नाहीं. फैज फजलांना देशाचें बोलावणें तिसाव्या वर्षीं आलें; तें येईपर्यंत आणि आल्यावरही खेळाखेरीज कांहीं हाताशीं असावें."

बरीच बोलाचाली होऊन असें ठरलें कीं, बारावी पुरी करावयाची, पदवीसाठीं बाहेरून नांव घालावयाचें, आणि तेवीस वर्षें होईपर्यंत खेळण्यास घरानें आडकाठी करूं नये. त्याच्या आईनें एक अट घातली कीं, तेविसाव्या वर्षीं हिशेब घरांतल्या सर्वांसमक्ष व्हावा, एकट्या बापाशीं नव्हे. तीही मान्य झाली. परीक्षा फेब्रुवारींत आहे. तोंवर पहांटे सराव आणि रात्रीं अभ्यास. संस्कृत माझ्याकडे आलें आहे, तें फोनवरून चालतें. काल आठवा सर्ग काढला.